फ्यूज का उडत होते?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं टायलर शहर. ईस्ट टेक्सास कॅन्सर सेंटर. ११ एप्रिल १९८६, शुक्रवार. किरणोपचार देणाऱ्या तंत्रज्ञ बाई कन्सोलसमोर बसल्या आहेत. जाड भिंतींपलीकडच्या खोलीत चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग झालेला एक रुग्ण टेबलावर आडवा आहे. बाईंनी आकडे भरले. एक चूक दिसली, ती कर्सर वर नेऊन दुरुस्त केली. पडद्यावर ‘बीम रेडी’ आलं आणि त्यांनी ‘बी’ची कळ दाबली. काही सेकंदांत इंटरकॉममधून मोठा आवाज आला आणि यंत्र थांबलं. पडद्यावर दोनच गोष्टी होत्या: ‘मालफंक्शन’ हा शब्द आणि ५४ हा आकडा. पाठोपाठ रुग्णाचं कण्हणं ऐकू आलं.

बाई धावत आत गेल्या. चेहऱ्याच्या बाजूवर काहीतरी आदळलं, असं रुग्णानं सांगितलं. डोळ्यांपुढे लख्ख उजेड झाला होता आणि तेलात अंडं तडतडावं तसा आवाज आला होता.

५४ हा आकडा बाईंनी तीन आठवड्यांपूर्वीही पाहिला होता. तो २१ मार्चचा शुक्रवार. पाठीवरची गाठ काढल्यानंतर किरणोपचार घेणारा एक रुग्ण त्या दिवशी नवव्या वेळी आला होता. त्याला इलेक्ट्रॉनच्या झोतातून १८० रॅड मात्रा द्यायची होती. बहुतेक रुग्णांना क्ष-किरण दिले जात, त्यामुळे सवयीनं बाईंच्या बोटानं ‘ई’ऐवजी ‘एक्स’ दाबलं. चूक लगेच लक्षात आली. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबून त्यांनी ‘एक्स’चं ‘ई’ केलं. बाकीचे आकडे बरोबर होते, म्हणून रिटर्नची कळ भराभर दाबत त्या खालच्या ओळीवर आल्या आणि झोत सुरू केला. यंत्र थांबलं. ५४ आलं. पडद्यावरच्या नोंदीप्रमाणे २०२ एककांपैकी फक्त ६ एककं दिली गेली होती. म्हणजे मात्रा कमी पडली, असा सरळ अर्थ त्यांनी काढला. हे यंत्र दिवसातून कितीतरी वेळा असं किरकोळ कारणानं अडखळायचं आणि ‘पी’ दाबलं की पुढे चालायचं. त्यांनी ‘पी’ दाबलं.

आत रुग्णाला पहिल्या वेळी विजेचा झटका बसल्यासारखं, पाठीवर उकळती कॉफी ओतल्यासारखं वाटलं होतं. आधीचे आठ उपचार त्यानं घेतले होते; हे नेहमीचं नाही, हे त्याला कळलं. तो उठू लागला तोच दुसरा तडाखा हाताला बसला. त्या दिवशी खोलीतला इंटरकॉम बिघडलेला होता आणि व्हिडिओचा पडदा जोडलेला नव्हता. त्यानं दारावर धडका मारल्या तेव्हा बाहेर कळलं. पाच महिन्यांनी तो गेला. चेहऱ्याचा उपचार घेणारा दुसरा रुग्ण त्याच्याही आधी, १ मे रोजी दगावला.

यंत्राचं नाव थेरॅक-२५. बनवणारी कंपनी कॅनडा सरकारची, अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड, म्हणजे एईसीएल. मार्चच्या घटनेनंतर तिचे दोन इंजिनिअर टायलरला आले, दिवसभर यंत्र चालवून पाहिलं. ५४ काही आलं नाही. या यंत्राकडून रुग्णाला जादा मात्रा जाणं शक्यच नाही, असं त्यांच्यातल्या एकानं समजावल्याची नोंद आहे. झटका विजेचा असावा, असा तर्क निघाला. रुग्णालयानं बाहेरच्या अभियांत्रिकी संस्थेकडून तपासणी करून घेतली. यंत्रातून विजेचा झटका बसण्यासारखं काही तिला सापडलं नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं आणि चार दिवसांनी दुसरा रुग्ण भाजला.

रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र त्याच दिवशी बंद केलं, एईसीएलला कळवलं आणि शोध स्वतःच सुरू केला. त्यांच्या हाती काय होतं? प्रोग्रॅमची प्रत नाही. ‘५४’चा अर्थ सांगणारं माहितीपुस्तक नाही. यंत्राजवळच्या एका कागदावर या आकड्यापुढे एवढंच लिहिलेलं होतं: ‘डोस इनपुट २’. त्याचा खुलासा एईसीएलनं नंतर केला. दिलेली मात्रा फार जास्त किंवा फार कमी, असा तो अर्थ होता. जास्त आणि कमी यांना एकच आकडा! ज्या घडीला माणसाचा जीव या दोन शब्दांवर टांगलेला असतो, त्या घडीला यंत्र दोन्हींसाठी एकच खूण करत होतं. इतकी वर्षं उलटली तरी ही गोष्ट वाचताना माझा संताप कमी होत नाही.

पण हेगर यांच्याकडे एक मोठा ठेवा होता, तो म्हणजे त्या तंत्रज्ञ बाईंची स्मरणशक्ती. यंत्रानं काय केलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं; आपण काय केलं ते मात्र बाईंना नेमकं आठवत होतं. दोघं कन्सोलपुढे बसले. रिकाम्या खोलीवर तोच क्रम सुरू झाला: आकडे भरायचे, चूक करायची, वर जायचं, दुरुस्त करायचं, खाली यायचं, झोत सुरू. काही होईना. पुन्हा तेच. आणि मग एका फेरीला पडद्यावर ५४ उमटलं.

का उमटलं, ते त्यांनी पुन्हा पुन्हा करून ताडलं. काय टाइप केलं यात ते गुपित नव्हतं, किती वेगानं केलं यात होतं. बाईंचा हात बसलेला होता. टायलरला या यंत्रावर दोन वर्षांत पाचशेहून अधिक रुग्णांवर उपचार झाले होते. अनुभवानं आलेला हा वेग सावकाश तपासणी करणाऱ्या इंजिनिअरांच्या बोटांत नव्हता. हेगर यांना स्वतःला सराव करावा लागला. सराव झाल्यावर ते हवं तेव्हा ५४ आणू शकले. दुसऱ्या दिवशी एईसीएलच्या इंजिनिअरचा फोन आला, आम्हाला हे जमत नाही म्हणून. हेगर यांनी सांगितलं, फार भरभर करायला हवं. मग कॅनडातल्या यंत्रावरही ते घडलं. कंपनीनं क्षेत्राच्या मध्यभागी मात्रा मोजली: २५,००० रॅड. रोजच्या उपचाराची मात्रा साधारण २०० रॅड असते. सगळ्या शरीरावर ५०० रॅड पडले, तर निम्मी माणसं दगावतात.

आता यंत्राच्या पोटात शिरायला हवं.

थेरॅक-२५ दोन प्रकारचे उपचार देत असे. त्वचेजवळच्या गाठींसाठी इलेक्ट्रॉनचा झोत थेट वापरायचा, पण सौम्य करून आणि चुंबकांनी पसरवून. खोलवरच्या गाठींसाठी क्ष-किरण. ते मिळवायला इलेक्ट्रॉनचा झोत धातूच्या टार्गेटवर आपटावा लागतो आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते, म्हणून मूळ झोत शंभरेक पट तीव्र लागतो. टार्गेट, झोत सपाट करणारा भाग, पसरवणारे चुंबक हे सगळं एका फिरत्या तबकडीवर बसवलेलं. उपचाराप्रमाणे तबकडी फिरते आणि योग्य साधन झोताच्या वाटेत येतं. तीव्र झोत असताना वाटेत टार्गेट नसेल, तर काय होईल हे शाळकरी मूलही सांगेल.

थेरॅक-२५ मध्ये तबकडीची जागा आणि झोताची तीव्रता ही दोन्ही कामं एकाच प्रोग्रॅमचे वेगवेगळे तुकडे बघत होते. कर्सर खालच्या ओळीवर पोचला की माहिती भरून झाली, असं प्रोग्रॅम धरून चालायचा आणि झोत वळवणारे चुंबक जुळवायला घ्यायचा. त्याला सुमारे ८ सेकंद लागत. त्या अवधीत कोणी दुरुस्ती केली का हे पाहण्याची सोय होती, पण ती पाहायला सांगणारी खूण पहिला चुंबक जुळताच पुसली जायची. उरलेल्या सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, तबकडी चालवणाऱ्या तुकड्याला कळे, झोत ठरवणाऱ्या तुकड्याला मात्र कळत नसे. म्हणून तबकडी इलेक्ट्रॉनच्या जागी आणि झोत क्ष-किरणांच्या तीव्रतेचा, असा मेळ बसला. तो झोत इतका दाट होता की मात्रा मोजणारे कक्ष संपृक्त झाले. पडद्यावर ६ हा आकडा दिसला त्यामागे हे होतं, आणि दुसऱ्या रुग्णानं ऐकलेला तडतडाट हाच, असं कंपनीच्या इंजिनिअरनं सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती, तर ती एका प्रोग्रॅमरच्या चुकीची गोष्ट झाली असती. पुष्कळ ठिकाणी ती तशीच सांगितली जाते. माझ्या मते तिचा गाभा टायलरमध्ये नाही, शिकागोमध्ये आहे.

शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या किरणोपचार केंद्रात फ्रँक बोर्गर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे थेरॅक-२५ नव्हतं, त्याचं आधीचं भावंड थेरॅक-२० होतं. हे यंत्र केंद्रात आल्यापासून एक विचित्र तक्रार चालत आलेली होती. विद्यार्थ्यांची नवी तुकडी शिकायला आली की यंत्राचे फ्यूज उडायचे, ब्रेकर पडायचे, कधी आठवड्यातून तीनदा. मग विद्यार्थी तयार झाले की महिनोन् महिने काही नाही. पुढची तुकडी आली की पुन्हा सुरू. फ्यूज बदलायचा आणि कामाला लागायचं.

टायलरची बातमी कानावर आली तेव्हा बोर्गर यांना या फ्यूजांची आठवण झाली. शोधाच्या इतिहासात असे क्षण थोडे असतात, जिथे एकाला कुणाचा तरी मृत्यू आणि स्वतःच्या दारातला क्षुल्लक त्रास यांत एकच धागा दिसतो. नवे विद्यार्थी काय करतात? चुका. त्या अनुभवी माणसासारख्या ठरावीक नसतात, नाना तऱ्हांच्या असतात, आणि दुरुस्त करताना ते कळफलकावर वाटेल तशा वाटा काढतात. बोर्गर यांनी त्या वाटा एकेक करून चालून पाहिल्या. दुरुस्तीच्या काही विशिष्ट क्रमांनंतर फ्यूज उडतात, हे त्यांना आढळलं. टायलरमध्ये माणसं मारणारी प्रोग्रॅममधली चूक थेरॅक-२० मध्येही होती. तीच.

तरी शिकागोत कोणी भाजलं नाही. थेरॅक-२० मध्ये झोत नीट पसरतोय का यावर नजर ठेवणारी स्वतंत्र सर्किटं होती, यांत्रिक अडसर होते. संगणक काहीही म्हणो, मेळ चुकला की हे अडसर झोत निघू देत नसत आणि बाहेर दिसे तो फक्त उडालेला फ्यूज. उडालेल्या प्रत्येक फ्यूजमागे एक वाचलेलं माणूस असू शकत होतं आणि ते कोणाच्याही वहीत नोंदलं गेलं नव्हतं.

आता कंपनीच्या ड्रॉइंग बोर्डाकडे जाऊ. थेरॅक-६ आणि थेरॅक-२० ही यंत्रं एईसीएलनं सीजीआर या फ्रेंच कंपनीबरोबर केली होती. दोन्ही जुन्या, संगणकाशिवाय चालणाऱ्या यंत्रांवर बेतलेली. पीडीपी-११ हा छोटा संगणक त्यांना नंतर सोयीसाठी जोडलेला. थेरॅक-२५ मात्र पहिल्यापासून संगणक गृहीत धरून आखलं गेलं. संगणक सगळं बघतोच आहे, मग तेच काम दुसऱ्यांदा करणारी सर्किटं आणि अडसर कशाला, असा विचार झाला आणि ते काढले गेले. प्रोग्रॅमचे काही भाग मात्र जुन्या यंत्रांतून आले. थेरॅक-२० चे तुकडे थेरॅक-२५ मध्ये आहेत, हे प्रकल्पाच्या गुणवत्ता व्यवस्थापकालाच ती चूक उघडकीला येईपर्यंत माहीत नव्हतं, अशी नोंद आहे.

अभियांत्रिकीत कार्य-विश्लेषण म्हणतात ते नेमकं इथे हवं होतं. १९४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स यांनी वस्तूकडे पाहण्याची एक शिस्त घालून दिली: हा भाग काय आहे, हे विचारू नका, तो काय करतो ते विचारा, आणि उत्तर एक नाम आणि एक क्रियापद एवढ्यात द्या. त्यांचा रोख खर्च वाचवण्याकडे होता. पण सुरक्षिततेच्या कामात हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. थेरॅक-२० च्या सुट्या भागांच्या यादीत ती सर्किटं केवळ भाग होती, वजा करता येण्याजोगी. कार्यांची यादी केली असती, तर तीत एक ओळ लिहावीच लागली असती: ‘टार्गेट वाटेत नसताना तीव्र झोत अडवणं.’ आणि तिच्यापुढे लिहावं लागलं असतं, हे काम कोण करतं, आणि तो चुकला तर दुसरं कोण करतं. थेरॅक-२५ साठी ती ओळ भरताना पहिल्या रकान्यात प्रोग्रॅम आला असता, दुसऱ्या रकान्यातही प्रोग्रॅमच. एकाच माणसाला पहारेकरीही नेमायचं आणि पहारेकऱ्यावरचा मुकादमही, तसं ते उघडं पडलं असतं.

विश्लेषण झालंच नाही, असं नाही. मार्च १९८३ मध्ये एईसीएलनं थेरॅक-२५ चं ‘फॉल्ट ट्री’ केलं. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जच्या एच. ए. वॉटसन यांनी मिनिटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण-नियंत्रणासाठी काढलेली. झाडाच्या शेंड्यावर अनर्थ लिहायचा आणि तो कशाकशानं घडेल ते फांद्याफांद्यांनी मुळापर्यंत शोधायचं. पद्धत उत्तम आहे. पण कंपनीच्या झाडाला सॉफ्टवेअरची फांदीच नव्हती. प्रोग्रॅममधल्या चुका चाचण्यांनी कमी झाल्या आहेत आणि सॉफ्टवेअर झिजत नाही, असं गृहीत धरलेलं. संगणक चुकला तर तो हार्डवेअरच्या बिघाडानं चुकेल, एवढीच शक्यता मोजली. ‘संगणक चुकीची ऊर्जा निवडतो’ या घटनेची संभाव्यता त्या झाडावर लिहिली होती दहा हजार कोटींत एक. वळवणाऱ्या चुंबकांच्या ८ सेकंदांशी आणि एखाद्या बाईंच्या सराईत बोटांशी त्या आकड्याचा काहीही संबंध नव्हता.

असे आकडे काय करतात, ते हॅमिल्टनमध्ये दिसलं होतं. टायलरच्या आधी, जुलै १९८५ मध्ये, कॅनडातल्या हॅमिल्टनला एका स्त्रीवर हेच यंत्र चालवताना अपघात झाला. एईसीएलला तो पुन्हा घडवता आला नाही. तबकडीची जागा सांगणाऱ्या मायक्रोस्विचवर संशय घेतला गेला, तो भाग सुधारला गेला आणि सुरक्षितता किमान लाख पटींनी वाढल्याचा दावा झाला. कॅनडाच्या किरणोत्सर्ग संरक्षण विभागासह इतरांनी तेव्हाच सुचवलं होतं की तबकडी कुठे आहे हे सांगायला संगणकावर अवलंबून नसलेलं एक साधन बसवा. ते तेव्हा बसलं नाही. तो सल्ला देणाऱ्यांना प्रोग्रॅममधली चूक ठाऊक नव्हती. त्यांना फक्त रिकामी जागा दिसली होती, एका कामावर दुसरा माणूस नाही एवढंच. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या सल्ल्याचा, कारण बिघाड सापडण्याआधी त्याचा बंदोबस्त त्यात होता.

टायलरनंतर १५ एप्रिलला कंपनीनं रुग्णालयांना पत्र धाडलं: वर जाणाऱ्या बाणाची कळ काढून टाका आणि खालचे संपर्क चिकटपट्टीनं झाका. २ मे रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, यंत्र सदोष ठरवलं आणि सुधारणेचा आराखडा मागितला. मसुदे जाऊ-येऊ लागले. प्रोग्रॅममधली ती चूक दुरुस्त करणं हा त्यांतला मोठा भाग होता.

आणि १७ जानेवारी १९८७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे आणखी एक रुग्ण भाजला. एप्रिलमध्ये तो गेला. या वेळी दुरुस्तीच्या वेगाचा काही संबंध नव्हता. तबकडी तपासायची की नाही, हे सांगणारा एक आकडा प्रोग्रॅममध्ये होता. शून्य असेल तर तपासायची गरज नाही, शून्याखेरीज काहीही असेल तर तपासायचं. त्याला ठाम किंमत देण्याऐवजी दर फेरीला एक मिळवला जाई. त्याची साठवण एका बाइटची, म्हणजे २५५ नंतर पुन्हा शून्य. दर २५६ व्या फेरीला क्षणभर शून्य यायचं आणि नेमक्या त्या क्षणी यंत्र चालवणाऱ्यानं कळ दाबली, तर तपासणी टळायची. याकिमाला तबकडी तेव्हा प्रकाशाच्या जागी होती. रुग्णाला नीट झोपवण्यासाठी दिव्याचा उजेड पाडतात ती ही जागा. वाटेत टार्गेटही नाही, पसरवणारे चुंबकही नाहीत.

निराळी चूक, निराळी वाट, अनर्थ तोच. टायलरची चूक कितीही नीट दुरुस्त केली असती, तरी याकिमाचा रुग्ण वाचला नसता. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या अपघातांचा तपशील १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. एकेक चूक शोधून बुजवत गेल्यानं यंत्र सुरक्षित होत नाही, हे त्यांच्या अभ्यासातून लख्ख दिसतं. लेव्हसन यांनी पुढे जी पद्धत उभारली, तिच्या गाभ्याशी सुटे भाग नाहीत, यंत्रणेत कोण कशावर नियंत्रण ठेवतो याचा नकाशा आहे.

फेब्रुवारी १९८७ मध्ये एफडीए आणि कॅनडाचे अधिकारी यांनी सगळी थेरॅक-२५ यंत्रं सुधारणा होईपर्यंत बंद ठेवण्याची शिफारस केली. अमेरिकेत ५ आणि कॅनडात ६, अशी ती ११ होती. त्यांच्यावर सहा माणसांना भयंकर जादा मात्रा गेली होती. १९८७ च्या उन्हाळ्यात आराखडा पक्का झाला, तेव्हा त्यात सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्यांसोबत दोन साध्या गोष्टी होत्या. तबकडीला एक पोटेन्शिओमीटर, ती कुठे आहे हे संगणकाला न विचारता सांगणारा. आणि एक स्वतंत्र सर्किट: झोताचा एक स्पंद धोकादायक पातळीचा आढळला की पुढचा निघण्याआधी झोत बंद. चूक चुंबकांच्या ८ सेकंदांत झाली की २५६ व्या फेरीला, की आजवर कोणाला न सापडलेल्या तिसऱ्याच ओळीत, याच्याशी त्या सर्किटाला कर्तव्य नाही. शिकागोतल्या थेरॅक-२० मध्ये जे काम फ्यूज उडवून होत होतं, ते आता कागदावर, स्वतःच्या नावानं लिहिलेलं होतं.